शिंगे सर खोटं बोलत नसत

सकाळी साडेदहाच्या सुमारास शिंगे सर आमच्या दैनिकाच्या कचेरीत यायचे. निपाणीहून बसनं बेळगाव, आणि बसस्टँडपासून चालत. खांद्याला कापडी पिशवी, अर्ध्या बाहीचा फिकट निळा शर्ट, खिशाला दोन पेनं. काळं पेन लिहायला आणि लाल पेन आमच्यासाठी. आल्या आल्या ते टेबलावरचा आमचाच ताजा अंक उचलायचे आणि उभ्या उभ्या पहिल्या पानावरच्या शुद्धलेखनाच्या चुकांना लाल गोल करायचे. दोन-चार गोल झाले की त्यांचं समाधान व्हायचं. मग पिशवीतून साहेबांचं पत्रक काढून माझ्या हातात द्यायचे.

व्हॉट्सअ‍ॅप आल्यावरही हे थांबलं नाही. साहेबांच्या कचेरीतली मंडळी ग्रुपवर फोटो, रील, काय काय टाकायची. सर मात्र बसनं यायचे. मी एकदा विचारलं, "सर, एवढी दगदग कशाला? पाठवून द्यायचं ना."

"मोबाईलवरचं बोटानं ढकलता येतंय कुलकर्णी बाई," ते म्हणाले. "हातात दिलेलं फेकायला माणसाला लाज वाटते."

साहेब म्हणजे आमच्या सीमाभागातले एक पुढारी. त्यांचं नाव, पक्ष आणि पद मी इथं लिहीत नाही. ओळखलं म्हणणारे पुष्कळ निघतील, आणि बहुतेक सगळे चुकतील. शिंगे सर त्यांचे प्रवक्ते होते. त्याआधी वीस-बावीस वर्षं त्यांनी निपाणीकडच्या एका हायस्कुलात मराठी शिकवलं होतं. निवृत्तीला बरीच वर्षं असताना नोकरी सोडून ते साहेबांकडं गेले. का गेले, याच्या तीन-चार कथा होत्या. कुणी म्हणायचं, साहेबांनी त्यांची लांबची बदली थांबवली होती, त्याची ही परतफेड. कुणी म्हणायचं, पुढंमागं त्यांना स्वतःलाच उभं राहायचंय. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "वर्गात चाळीस पोरं ऐकत होती, तीबी बळजबरीनं. आता दोन जिल्हे ऐकत्यात."

मी नोकरीला लागले त्या आठवड्यात आमचे संपादक देसाई यांनी मला बोलावून घेतलं आणि बाहेर बसलेल्या सरांकडं डोळ्यांनीच खूण केली.

"त्या माणसाची एक गोष्ट ध्यानात ठेव," देसाई म्हणाले. "तो खोटं बोलत नाही. बाकीचे प्रवक्ते खोटं बोलतात, त्यामुळं आपण जागे राहतो. ह्याच्यासमोर माणूस झोपतो."

मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. कळायला महिनाभर लागला.

साहेब पक्ष बदलणार अशी कुजबुज होती. बेंगळूरला कुठल्या तरी हॉटेलात बैठक झाली म्हणे. मी सरांना फोन केला. "साहेब काल बेंगळूरला होते का?"

"न्हाय. काल दिवसभर मतदारसंघात होते. बोरगावात एका लग्नाला गेलते, तिथं विचारा."

मी विचारलं. साहेब खरंच लग्नाला होते, अक्षता टाकतानाचा फोटोही मिळाला. मी ठसठशीत बातमी केली, की बैठकीची अफवा निराधार आहे. दोन दिवसांनी साहेबांनी पक्ष बदलला. बैठक झाली होती, आदल्या दिवशी. पहाटेच्या गाडीनं ते परत आले होते आणि तसेच लग्नाला गेले होते.

मी चिडून सरांना फोन केला. त्यांनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही कालचं विचारलंत. परवाचं विचारलं न्हाय."

"पण तुम्हाला माहीत होतं मी कशाबद्दल विचारतेय."

"प्रश्नातच चूक हाय, बाई. मार्क कुठनं देऊ?"

त्यानंतर त्यांच्याशी बोलताना मी प्रश्न आधी वहीत लिहून काढायला लागले. काल की परवा, स्वतः की माणसाकरवी, तोंडी की लेखी. त्यांना ते कळलं होतं. एकदा म्हणाले, "आता तुमचे प्रश्न सुधारलेत," आणि मला, खोटं कशाला सांगू, शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. घरी येऊन मीच माझ्यावर वैतागले.

त्यांच्या बोलण्यात आणखी एक खूण होती, ती माझी मलाच सापडली. एरवी ते निपाणीकडचं बोलायचे. आलतो, गेलतो, लई, न्हाय. पण एखाद्या जागी पाय जपून टाकायचा असला की एकदम पुस्तकी मराठीत शिरायचे. 'साहेबांनी केलं' याच्या जागी 'करण्यात आलं' यायचं. वाक्यातून करणारा माणूसच निघून जायचा. वर्गात कर्तरी-कर्मणी प्रयोग शिकवलेला माणूस, त्याला कर्ता कुठं लपवायचा ते बरोबर ठाऊक होतं. शेजारच्या कन्नड दैनिकातली माझी मैत्रीण सांगायची, त्यांच्या कन्नड पत्रकातही तसंच असतं.

त्या मैत्रिणीमुळंच दोन पत्रकांचा प्रकार घडला. येळ्ळूरला मराठी भाषकांचा एक मेळावा होता. साहेब पाहुणे म्हणून आले आणि तासभर बोलले. मी आजारी असल्यामुळं गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सरांनी आणून दिलेलं पत्रक आम्ही छापलं. सरकारी कागदपत्रं मराठीतून मिळालीच पाहिजेत, मराठी माणसाच्या पाठीशी मी ठाम उभा आहे, असं सगळं त्यात होतं. दुपारी मैत्रिणीनं तिच्याकडचं कन्नड पत्रक दाखवलं. त्यात कागदपत्रांचं नावही नव्हतं. या राज्याच्या एक इंच जमिनीबाबत तडजोड होऊ देणार नाही, राज्याची भाषा प्रत्येकानं शिकलीच पाहिजे, असं होतं. मेळावा तोच, भाषण तेच, तारीख तीच.

मी दोन्ही कागद घेऊन साहेबांच्या निपाणीच्या कचेरीत गेले आणि सरांसमोर शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचले, जणू पहिल्यांदाच बघतायत.

"छान," ते म्हणाले. "आता ह्यात खोटं वाक्य कुठलं, त्याखाली रेघ मारा." आणि खिशातलं लाल पेन काढून माझ्यापुढं धरलं.

मी पेन घेतलं नाही. मेळाव्याचं पूर्ण रेकॉर्डिंग तोवर ऐकलं होतं. साहेब दोन्ही बोलले होते. एक सुरुवातीला, टाळ्या घेत. दुसरं शेवटी, घाईत, लोक उठायला लागल्यावर.

"दोघांनाही अर्धंच दिलंत तुम्ही," मी म्हणाले.

"ज्यानं त्यानं पूर्ण ऐकायला यायचं होतं. साहेब माईकवर बोलत होते, कानात न्हाय."

मी त्यावर बातमी लिहिली. देसाईंनी ती आत कुठं तरी चार ओळींत टाकली, कारण छापण्याआधी पूर्ण भाषण आम्हीही ऐकलं नव्हतं आणि पत्रक आम्हीच छापलं होतं.

आक्कांच्या घरची गोष्ट मात्र मला आजही नीट सांगता येत नाही.

आक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. बोरगावच्या अलीकडं एक गाव आहे, तिथल्या बौद्ध वस्तीत दोघं एका घरात राहायचे. सरांची बायको लवकर गेली होती, आक्कांचे यजमानही. दोघांची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबायची. तंबाखूचा वास आला की सरांना मोठेपणीही शिंका यायच्या आणि ते म्हणायचे, "आई आली." आक्का गावातल्या सरकारी मराठी शाळेत पोरांचं दुपारचं जेवण शिजवायच्या. दीडशे पोरांचा भात अंदाजानं टाकणारी बाई, पण कधी कमी पडला नाही की उरला नाही, असं सर कौतुकानं सांगायचे. त्यांना कौतुकानं बोलताना मी तेवढंच ऐकलंय.

निवडणूक जवळ आली होती. साहेब वस्तीत जाऊन जेवणार असं ठरलं, आणि घर ठरलं शिंगे सरांचं. आम्ही पाच-सहा वार्ताहर होतो. आक्का पहाटेपासून चुलीशी होत्या. भाकरी, झुणका, वांग्याची भाजी, शेवयांची खीर. पुसलेल्या फरशीवर बसायला पट्ट्या टाकल्या होत्या. बाराला साहेब आले, पांढरा शर्ट, साध्या चपला. त्यांच्यामागून एक माणूस स्टीलचे डबे घेऊन आला. "साहेबांना पथ्य हाय," तो हलक्या आवाजात म्हणाला, आणि आक्कांनी मांडलेल्या ताटात डब्यातलं वाढलं. साहेब पंगतीत बसले. फोटो निघाले. साहेब चार घास खाऊन हात धुवून उठले, आक्कांना वाकून नमस्कार केला, त्याचेही फोटो निघाले, आणि गाड्या गेल्या.

आक्का चुलीशी तशाच बसून होत्या. मला म्हणाल्या, "तू तरी बस गं." मी बसले. झुणक्याची चव अजून आठवते. सर दारात उभे राहून रस्त्याकडं बघत होते. जेवण झाल्यावर मी त्यांना विचारलं, "पत्रकात काय लिहिणार?"

"साहेबांनी वस्तीत बसून भोजन केले," ते म्हणाले. पुस्तकी मराठीत.

पत्रकात तेवढंच होतं. आक्कांच्या स्वयंपाकाचा उल्लेख नव्हता. पण मला मथळा हवा होता, आणि फोटोत आक्का होत्या, चूल होती, भाकरीची चवड होती. मी मथळा दिला, 'आक्कांच्या भाकरीची साहेबांना गोडी'. आक्कांच्या हातचं मी खाल्लं होतं, साहेबांनी नाही, हे मला त्या खोलीतल्या कुणाहूनही चांगलं ठाऊक होतं. तरी मी तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सर आले, अंक उचलला आणि त्या मथळ्यातल्या 'भाकरी' या शब्दाला लाल गोल केला. तो शब्द बरोबर लिहिलेला होता. त्यांनी अंक परत टेबलावर ठेवला, पत्रक दिलं, आणि गेले.

आक्का जिथं पोरांचं जेवण शिजवायच्या त्याच शाळेच्या स्वयंपाकखोलीचा स्लॅब दोन वर्षांनी पडला.

पोरं वर्गात होती म्हणून वाचली. आक्का आत एकट्याच होत्या. त्यांचा उजवा पाय मांडीपासून चेचला गेला. निपाणीहून बेळगावला आणलं, पाय वाचला, पण नावापुरता. गावात लोक भडकले, कारण स्लॅबच्या सळ्या वर्षभर उघड्या पडल्या होत्या आणि शाळेच्या हेडबाईंनी दुरुस्तीसाठी लेखी अर्ज दिला होता. अर्ज साहेबांना दिला, असं गाव म्हणत होतं. साहेबांच्या कचेरीतून उत्तर आलं की, अशा कोणत्याही अर्जाची नोंद कार्यालयात नाही.

मी हेडबाईंना गाठलं. पन्नाशी उलटलेल्या, सडपातळ, घाबरलेल्या बाई. नोकरी सरकारी, निवृत्तीला चार वर्षं बाकी. "मला काही विचारू नका," एवढंच म्हणाल्या आणि वर्गात निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बेळगावात पत्रकार परिषद बोलावली. आदल्या संध्याकाळी मला सरांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करत नसत.

"उद्या येणार ना?"

"येणार. आक्का कशा आहेत?"

"जाग्या असल्या की कण्हत्यात." मग म्हणाले, "कुलकर्णी बाई, उद्या प्रश्न नीट विचारा. 'अर्ज मिळाला का' असं विचारू नका. त्याचं उत्तर तयार हाय. 'अर्ज कुणाच्या हातात दिला' असं विचारा."

मला वाटलं, ज्या माणसाच्या बहिणीचा पाय गेला तो शेवटी आपल्या मालकावर उलटतोय, आणि त्यासाठी त्यानं मला निवडलंय. मी देसाईंना सांगितलं. ते म्हणाले, "विचार. पण त्याला काय हवंय ते आधी शोधून काढ." शोधायला वेळ नव्हता. खरं म्हणजे शोधायची इच्छाही नव्हती. प्रश्न फार चांगला होता.

हॉटेलच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह भरलं होतं. साहेब मध्ये, बाजूला सर. साहेबांनी दुःख व्यक्त केलं आणि आपल्याला असा अर्ज मिळालाच नाही असं सांगितलं. मी उठले आणि विचारलं, "अर्ज लिहिला होता हे सगळं गाव सांगतंय. तो कुणाच्या हातात दिला?"

शिंगे सर उभे राहिले.

"माझ्या हातात," ते म्हणाले. "हेडबाईंनी अर्ज माझ्या हातात दिलता. मी तो पिशवीत ठेवला आणि विसरलो. साहेबांना दाखवला न्हाय. चूक माझी हाय." मग वळून कन्नड वार्ताहरांकडं बघत हेच सगळं, एकही शब्द कमी न करता, त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं. शेवटी म्हणाले, "नन्न तप्पु." माझी चूक.

सभागृहात एकदम गलका झाला. सगळ्यांच्या माना सरांकडं वळल्या. मी साहेबांकडं बघत होते. त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास होता आणि ते त्यातलं पाणी बघत होते. ज्याला बातमी नवी असते तो मान वर करतो. साहेबांनी मान वर केली ती सरांचं कन्नडमधलं बोलणं संपल्यावर, कॅमेरे त्यांच्याकडं फिरले तेव्हा. मग त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "मला हे आत्ता कळतंय. माझ्या जवळच्या माणसानं..."

सरांना त्याच ठिकाणी पदावरून दूर केल्याचं जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत, मराठी काय आणि कन्नड काय, एकच बातमी होती आणि खाली फोटो होता, साहेब दवाखान्यात आक्कांच्या खाटेशी. आमच्या बातमीत तर माझा प्रश्नही छापला होता. चार जणांनी अभिनंदन केलं.

मी ते अभिनंदन घेतलं आणि त्याच दिवसापासून मला शंकेनं पोखरायला सुरुवात केली. मी प्रश्न विचारला होता की मला म्हणायला दिलेली ओळ म्हटली होती? साहेबांचाच प्रवक्ता आपण होऊन कबूल झाला असता तर लोक म्हणाले असते, बळीचा बकरा. पण वार्ताहरानं नेमका प्रश्न विचारला, माणूस कोंडीत सापडला आणि कबूल झाला, यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. माझ्याशिवाय सगळ्यांनी.

पुढच्या घडामोडींनी शंका कमी झाली नाही. वर्षानुवर्षं मंजुरीत अडकलेली शाळेची नवी इमारत चार-पाच महिन्यांत उभी राहिली. आठ खोल्या, पक्की स्वयंपाकखोली, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह. भिंतीवर साहेबांच्या नावाची संगमरवरी पाटी. आणि सरांची एक भाची, आक्कांच्या धाकट्या बहिणीची मुलगी, त्याच शाळेत तात्पुरती शिक्षिका म्हणून लागली. आठ खोल्यांसाठी सर बोलले की भाचीच्या नोकरीसाठी? की खरंच अर्ज पिशवीत राहिला होता? तीन उत्तरं मी वहीत लिहिली, आणि प्रत्येकावर मला कधी ना कधी विश्वास बसला.

गेल्या वर्षी हेडबाई निवृत्त होऊन मुलाकडं टिळकवाडीत राहायला आल्या. आमच्याच गल्लीत, दोन इमारती सोडून. भाजीवाल्याकडं भेट झाली. मी ओळख दिली. त्या मला घरी घेऊन गेल्या आणि मी काहीही न विचारता म्हणाल्या, "आता मला कुणी काही करू शकत नाही. तुम्हाला सांगते. अर्ज मी साहेबांच्या हातात दिला होता. शाळेत झेंडावंदनाला आले होते तेव्हा. त्यांनी उघडला, वाचला, 'बघू' म्हणाले आणि घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला. शिंगे सर शेजारी उभे होते. त्यांनी कागदाला हातसुद्धा लावला नाही."

"मग सर तसं का बोलले?"

"ते तुम्ही त्यांनाच विचारा. मी तेव्हा गप्प बसले, आता कुठल्या तोंडानं विचारू?"

त्याच आठवड्यात मी गावी गेले. सर ओसरीत बसून पेपर वाचत होते. केस पूर्ण पांढरे झालेले, शर्ट तोच निळा. आक्का काठी टेकत बाहेर आल्या, माझ्यासमोर चहा ठेवला, माझ्या पाठीवरून हात फिरवला. सरांपुढंही कप ठेवला, पण त्यांच्याकडं न बघता. चार वर्षं आक्का त्यांच्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत, हे मला भाचीनं दारातच सांगितलं होतं. रोज जेवायला वाढतात, कपडे वाळत घालतात, आजारी पडले तर कपाळावर पट्टी ठेवतात. बोलत मात्र नाहीत. ज्याच्या पिशवीत अर्ज राहिला त्या भावाशी काय बोलायचं?

आक्का आत गेल्यावर मी हलक्या आवाजात हेडबाईंचं म्हणणं सरांना सांगितलं. प्रश्न लिहूनच नेले होते. "हेडबाईंनी अर्ज साहेबांच्या हातात दिला. तुम्ही त्याला स्पर्शही केला नाही. हे खरं की नाही?"

त्यांनी पेपरची घडी घातली. मला वाटलं, आता हा माणूस पुस्तकी मराठीत शिरणार. पण ते आपल्याच बोलीत, अगदी मायेनं म्हणाले, "बाईंचं वय झालं गं. दिवाळीत भेटल्या तवा मला माझ्या थोरल्या भावाच्या नावानं हाक मारत होत्या. तो जाऊन वीस वर्षं झाली."

हेडबाई माझ्याशी दीड तास नीट बोलल्या होत्या. तारखा, नावं, साहेबांच्या शर्टाचा रंग, सगळं सांगितलं होतं. पण निघताना त्यांनी मला दुसऱ्यांदा विचारलं होतं, तुम्ही चहा घेतलात का, आणि चहा मी घेतलेला होता. आता ते एवढंसं मोठं होऊन माझ्यासमोर बसलं. एका वाक्यात सरांनी माझा एकुलता एक साक्षीदार काढून घेतला होता.

"आक्कांना तरी सांगा," मी म्हणाले. "जे काही खरं असेल ते."

"सांगितलंय की. सगळ्यांसमोर, दोन भाषांत."

"सर, शाळेसाठी केलंत का?"

रस्त्यापलीकडं शाळेची मधली सुट्टी झाली होती, पोरांचा कालवा ऐकू येत होता. आतून आक्कांची काठी फरशीवर वाजत होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"तुमची बस चुकेल," ते म्हणाले.

फाट्यापर्यंत ते सोडायला आले. वाटेत पेपरातल्या चुकांवर बोलले, पावसावर बोलले, देसाईंची चौकशी केली. ऊन होतं, बस भरून आली. दारापर्यंत माणसं लोंबकळत होती. मी म्हणाले, पुढच्या गाडीनं जाईन. त्यांनी मला दंडाला धरून थांबवलं आणि कंडक्टरला हाक मारली. कंडक्टर खाली उतरला, त्यांच्या पाया पडला. त्यांचाच विद्यार्थी होता.

"ह्या कुलकर्णी बाई," सर त्याला म्हणाले. "माझ्या विद्यार्थिनी. दहावीला तुझ्या आधी दोन वर्षं. मराठीत पहिल्या आलत्या. ह्यांना बसायला जागा दे."

कंडक्टरनं गर्दी बाजूला सारून मला पुढं नेलं आणि स्वतःची जागा दिली. मी टिळकवाडीत वाढले, बेळगावातच शिकले, आणि त्या हायस्कुलाची पायरी मी कधी चढलेली नाही. सरांनी हे सगळं इतक्या सहज सांगितलं होतं, इतक्या तपशिलानं, की क्षणभर मलाच तो वर्ग आठवल्यासारखा झाला.

मी खिडकीतून मागं वळून बघितलं. ते फाट्यावर उभे होते, कपाळावर हाताची सावली धरून, बस जाईपर्यंत.

"आमचे सर देवमाणूस," कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला. "आयुष्यात खोटं बोलले न्हाईत. व्हय की न्हाय, मॅडम?"

मी तिकीट घेतलं आणि व्हय म्हणाले.